आयर्लंडमध्ये धर्म बुडाला, असं मला वाटत नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात गेल्या रविवारी एका वाचकाचं पत्र वाचलं. आयर्लंडसारख्या कट्टर कॅथलिक देशानं सार्वमत घेऊन गर्भपाताला मोकळीक दिली, तिथला धर्म बुडाला, आणि आपणही 2021 मध्ये कायदा सैल करून त्याच वाटेला लागलो, असा त्या पत्राचा सूर होता. शेवटी त्यांनी विचारलं होतं की मराठवाड्यातले ख्रिस्ती लोक तरी याविरुद्ध का बोलत नाहीत. म्हणून लिहायला बसले. मी कॅथलिक आहे. वैजापूर तालुक्यातल्या एका मिशनच्या गावात वाढले, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आजही चुकवत नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात आधी उपकेंद्रावर नर्सबाई आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. मी बोलते आहे, पण त्या वाचकांना अपेक्षित होतं त्याच्या उलट. गर्भपाताचा कायदा मोकळाच असावा, असं माझं मत आहे.

माझा धर्म काय शिकवतो ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मी काही झाकते आहे असं कोणाला वाटायला नको. गर्भ राहिल्या क्षणापासून तो जीव आहे आणि तो पाडणं हे गंभीर पाप आहे, ही चर्चची शिकवण. ती बदललेली नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये जगातल्या प्रत्येक धर्मगुरूला या पापाची क्षमा देण्याचा अधिकार कायमचा दिला, तेव्हाही हे पाप नाही असं ते म्हणाले नव्हते. पण त्या निर्णयाचं मला फार अप्रूप वाटलं. वर्षानुवर्षं मनात ओझं घेऊन फिरणाऱ्या, मिस्सेला येऊनही ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, घ्यायला पुढे न जाणाऱ्या बाया मी बघितल्या आहेत. त्यांच्यासाठी दार उघडलं गेलं.

तेव्हा पाप कशाला म्हणायचं ते चर्चनं सांगावं, मी ऐकते. खाटेवर पडलेल्या बाईशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरनं काय करायचं, हे तुरुंगाच्या भीतीनं ठरावं का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. आयर्लंडमध्ये पस्तीस वर्षं भांडण चाललं ते या दुसऱ्या प्रश्नावर, आणि आपले वाचक दोन्हींची गल्लत करत आहेत.

तिथला मूळ कायदा 1861 चा, इंग्रजांनी केलेला. आपल्याकडे 2024 पर्यंत लागू असलेल्या जुन्या दंडसंहितेतलं गर्भपाताचं कलम 312 त्याच्या एक वर्ष आधीचं, तेही इंग्रजांचंच. आपण 1971 मध्ये त्याला वाट काढली. ज्या समितीच्या अहवालावरून तो कायदा झाला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे आपल्याच महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री होते. आयर्लंडनं मात्र उलट केलं. बंदी होतीच, ती उद्या कोणी उठवू नये म्हणून 7 सप्टेंबर 1983 रोजी सार्वमत घेऊन राज्यघटनेतच आठवी दुरुस्ती घातली. आईच्या जगण्याचा आणि गर्भातल्या जिवाच्या जगण्याचा हक्क सारखाच, असं त्यात लिहिलं. शंभरातल्या जवळपास सदुसष्ट लोकांनी त्याला होकार दिला.

पाच महिनेही झाले नाहीत तोवर, 31 जानेवारी 1984 ला, ग्रानार्ड नावाच्या लहानशा गावात पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी मरियामातेची मूर्ती ठेवलेल्या गुहेपाशी एकटीच बाळंत झाली. थंडीचे दिवस, वरून पाऊस. नाळ कापायला तिनं सोबत कात्री नेली होती. शाळेतून घरी परतणाऱ्या मुलांना ती दिसली तेव्हा बाळ गेलेलं होतं, आणि रक्तस्रावानं आणि गारठ्यानं संध्याकाळपर्यंत तीही गेली. आमच्या मिशनच्या आवारातही अशी गुहा आहे. मे महिन्यात तिथे रोज संध्याकाळी जपमाळ होते, शाळेतल्या मुली फुलं वाहतात. ज्या वयाच्या मुली ती फुलं वाहतात त्याच वयाची ती होती. तिनं गर्भपात मागितला नव्हता. ती कोणाकडेच काहीच मागायला जाऊ शकली नव्हती. सगळं गाव धर्मनिष्ठ, आणि त्या पोरीला आधाराला कोण, तर दगडाची मूर्ती. आपल्या वाचकांना ज्या आयर्लंडमध्ये धर्म शाबूत होता असं वाटतं, ते आयर्लंड हे आहे. तिथल्याच ट्यूम गावातल्या, सिस्टर लोकांनी, म्हणजे चर्चच्या जोगिणींनी, चालवलेल्या अविवाहित मातांच्या आश्रमात 1925 ते 1961 या काळात 796 मुलं दगावली होती, हे पुढे एका स्थानिक इतिहास अभ्यासक बाईंनी दाखले गोळा करून उघड केलं. एक कॅथलिक बाई म्हणून हे लिहिताना मला वेदना होतात, पण लिहायलाच हवं. चर्चवरचा लोकांचा विश्वास उडाला तो सार्वमतानं नव्हे, या असल्या गोष्टींनी उडाला.

1992 मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीवर ओळखीच्या माणसानं अत्याचार केला, तिला दिवस गेले. आईबाप तिला घेऊन इंग्लंडला गेले, तर सरकारी वकिलानं कोर्टाचा मनाई हुकूम आणून त्यांना परत बोलावलं. पोरगी जीव देण्याच्या गोष्टी करू लागली तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं हुकूम उठवला. त्याच वर्षी पुन्हा सार्वमत झालं आणि लोकांनी बायकांना परदेशी जाण्याची मुभा दिली, देशातली बंदी तशीच ठेवली. 2001 या एका वर्षात आयर्लंडचा पत्ता देऊन इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात करून घेतलेल्या बायका होत्या 6,673. बोटीचं भाडं आणि दवाखान्याचा खर्च जिला झेपला ती गेली. जिच्यापाशी पैसा नव्हता ती घरात अडकली. बंदीनं गर्भपात थांबले नव्हते, ते फक्त समुद्रापलीकडे गेले होते.

आता सविताबद्दल. सविता हलप्पनवार बेळगावची, दातांची डॉक्टर, वय 31. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना तिचं नाव आठवत असेल. 21 ऑक्टोबर 2012 ला पाठ दुखते म्हणून ती आयर्लंडमधल्या गॉलवे शहराच्या रुग्णालयात गेली. सतरावा आठवडा होता. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं. त्याच रात्री पाणी गेलं. आता टिकणारच नाही तर मोकळं करा, असं तिनं आणि नवऱ्यानं विनवलं. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर काही करता येणार नाही, हे उत्तर. हा कॅथलिक देश आहे, असं तिथल्या एका सुईण-परिचारिकेनं तिला सांगितलं होतं. चौकशीत त्या परिचारिकेनं हे कबूल केलं आणि तिला दुखवायचा हेतू नव्हता असंही सांगितलं. मी तिच्यावर राग धरत नाही. नियम वरून येतात आणि खाटेजवळ उभं राहून ते रुग्णाला सांगायची वेळ आमच्यासारख्यांवर येते.

चौकशीच्या बातम्यांतली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. बुधवारी पहाटे चारच्या सुमारास सविताला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. तिला पांघरूण दिलं, पॅरासिटामॉल दिली. पाणी गेल्याला चोवीस तासांवर होऊन गेले असताना बाईचे दात वाजायला लागले तर त्याचा अर्थ काय, हे उपकेंद्रावरची नर्ससुद्धा ओळखते. पिशवीत पू धरला, तो रक्तात उतरायला लागला. त्यानंतर घड्याळ फार भराभर पळतं. बुधवारी दुपारी गर्भाचे ठोके थांबले आणि पिशवी मोकळी झाली, पण 28 तारखेला सविता गेली.

विरोधी बाजूचे लोक म्हणतात, हा कायद्याचा दोष नव्हे, रुग्णालयाच्या हलगर्जीचा. हलगर्जी होतीच. पहिल्याच दिवशी रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसत होत्या, त्याकडे कोणी वेळेवर बघितलं नाही. नाडी-ताप ठरल्या वेळी मोजला गेला नाही. पण डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयाचे माजी प्रमुख डॉ. पीटर बॉयलन यांनी चौकशीत साक्ष दिली की सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात केला असता तर ती बहुधा वाचली असती, आणि त्या दोन दिवसांत तो करणं कायद्यानं शक्य नव्हतं, कारण तोवर तिच्या जिवाला धोका आहे असं म्हणता येत नव्हतं. धोका होईपर्यंत थांबा, आणि झाला की धावा. बाळंतपणाच्या खोलीत काम केलेली कोणतीही बाई सांगेल, असं चालत नसतं.

25 मे 2018 ला सार्वमत झालं. 66.4 टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती काढून टाकायला होकार दिला. 1983 मध्ये जेवढ्यांनी ती घातली, साधारण तेवढ्याच प्रमाणात लोकांनी ती काढली. सगळ्या देशात नकार आला तो एकट्या डोनेगल मतदारसंघातून. सविताच्या आईवडिलांनी बेळगावातून आयरिश मतदारांना होकार देण्याची विनंती केली होती. डब्लिनमध्ये तिचं चित्र काढलेल्या भिंतीवर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या, कितीतरी चिठ्ठ्यांवर तिची माफी मागितलेली होती. पंतप्रधान तेव्हा लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. ते स्वतः डॉक्टर, आणि एके काळी गर्भपाताच्या विरोधातले. त्यांचं मत बदललं तसं तिथल्या लाखो मिस्सेला जाणाऱ्या माणसांचं बदललं. कॅथलिक लोकांच्या होकाराशिवाय त्या देशात 66 टक्के येऊच शकत नाहीत.

आणि हा निर्णय घाईत झाला नाही. आधी मतदारांतून चिठ्ठीपद्धतीनं निवडलेले 99 सामान्य नागरिक आणि अध्यक्ष म्हणून एक न्यायमूर्ती, अशी नागरिक सभा 2016 आणि 2017 मध्ये शनिवार-रविवार बसली. डॉक्टरांचं ऐकलं, वकिलांचं ऐकलं, चर्चच्या बाजूचं ऐकलं, गर्भपात केलेल्या आणि न केलेल्या बायकांचं ऐकलं. मला या गोष्टीचा हेवा वाटतो. आपल्याकडे ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचा नियम आहे. किती गावांत ती खरोखर बसते आणि किती गावांत घरोघरी वही फिरवून सह्या घेतल्या जातात, हे मी वेगळं सांगायला नको.

1 जानेवारी 2019 पासून तिथे बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता गर्भपात करता येतो, त्यापुढे आईच्या जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल तर किंवा गर्भ जगणारच नसेल तर. पहिल्या वर्षीचा आकडा 6,666. त्याच्या अठरा वर्षं आधी इंग्लंडला गेलेल्यांचा आकडा वर दिला आहे, वाचकांनी शेजारी ठेवून बघावा. पुढे आकडा वाढला, 2023 मध्ये दहा हजारांवर गेला, तेही लपवायचं कारण नाही. कायदा झाला म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. सुरुवातीला 19 प्रसूती रुग्णालयांपैकी 10 ठिकाणीच ही सोय होती, आणि गर्भपाताआधी तीन दिवस थांबायची सक्ती काढा, अशी शिफारस सरकारनंच नेमलेल्या पाहणीत 2023 मध्ये झाली. पण आता तिथे डॉक्टर बाईकडे बघून ठरवतो, ठोके थांबायची वाट बघत बसत नाही. पोलंडनं ऑक्टोबर 2020 मध्ये नेमकी उलटी दिशा घेतली, गर्भपातावरची बंदी आणखी घट्ट केली. वर्षभरात तिथे बाविसाव्या आठवड्यातली एक तिशीतली बाई, डॉक्टर ठोके थांबायची वाट बघत असताना, पू रक्तात उतरून गेली.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हे सगळं युरोपातलं, आपल्याकडे तर पन्नास वर्षांपासून कायदा मोकळा आहे. कागदावर आहे, म्हणून तर मला हे पत्र लिहावंसं वाटलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर माझ्या हद्दीतल्या एका वाडीवरची चोवीस वर्षांची सून गावातल्या आशा कार्यकर्तीसोबत उपकेंद्रावर आली. पाळी चुकली होती. निश्चय किटवर दोन रेघा उमटल्या. दिवस मोजले तर आठवा आठवडा. पदरात दोन मुली, धाकटी अजून अंगावर पिणारी, आणि पाडवा झाला की ऊसतोडीची टोळी निघणार. मुकादमाकडून नवरा-बायको जोडीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन झालेली. ती म्हणाली, “बाई, पोट घिऊन मोळ्या कशा उचलू? आन् नाही गेले तर उचल कोन फेडील? मह्या हातात काय हाये?”

कायद्यानं ती पूर्ण बरोबर होती. आठ आठवडे म्हणजे एका डॉक्टरचं मत आणि तिची स्वतःची सही, बस. आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा गर्भपाताचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर नव्हता, म्हणून आशाताई तिला तालुक्याला खासगीत घेऊन गेल्या. पहिल्या डॉक्टरांनी तिचं माता-बाल संरक्षण कार्ड हातात घेतलं, त्यावरच्या दोन मुली वाचल्या आणि कार्ड परत दिलं. तपासलंसुद्धा नाही. दुसऱ्या ठिकाणी नवऱ्याची सही आणि आधार कार्ड मागितलं. नवरा मुकादमाबरोबर दुसऱ्या गावाला गेलेला. औषधाच्या दुकानदारानं सांगितलं की त्या गोळ्या आम्ही ठेवणंच बंद केलंय, तपासणीवाले येऊन एकेका पाकिटाचा हिशेब मागतात. तिला शहरात पाठवायची जुळवाजुळव चालू होती तोवर ट्रक आला आणि टोळी निघून गेली.

पौष महिन्यात तिला पिकअपमध्ये घालून परत आणलं. कारखान्याच्या बाजूला उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे मजुरांच्या झोपडीत, गर्भ पाडायला कोण्या बाईनं आत काडी घातली होती. मी पोचले तेव्हा दुपारचं ऊन होतं आणि तिच्या अंगावर दोन गोधड्या होत्या, तरी दात कडाकडा वाजत होते. पायाचे तळवे थंडगार. मनगटावर बोट ठेवलं तर नाडी मोजता येईना इतकी पळत होती. गोधडी उचलल्यावर जो वास आला तो या कामातल्या माणसाला आयुष्यभर विसरता येत नाही. 108 ला फोन केला, सलाईन लावलं, आणि शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला. पिशवी काढावी लागली. चोविसाव्या वर्षी.

आठव्या आठवड्यात मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत कळत नाही. पहिल्या डॉक्टरांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते वाईट माणूस नव्हते, भ्यायले होते. ही भीती कुठून आली तेही मला ठाऊक आहे. 2012 च्या मे महिन्यात परळीतल्या एका दवाखान्यात चार मुलींच्या आईचा सहाव्या महिन्यात गर्भपात करताना मृत्यू झाला, सगळा महाराष्ट्र हादरला. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली उरल्या होत्या, दहा वर्षांपूर्वी त्या 894 होत्या. हे पाप मराठवाड्याच्या माथ्यावर आहे. लिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेत मीही गावोगाव फिरले, पथनाट्यांच्या पुढे उभी राहून बोलले, आणि त्या कायद्यातलं एक अक्षरही सैल होऊ नये असं आजही म्हणते. पण लिंगनिदान बंदीचा कायदा 1994 चा, तो सोनोग्राफीच्या खोलीत काय चालतं त्याबद्दल आहे. गर्भपाताचा कायदा 1971 चा, तो बाईच्या प्रकृतीबद्दल आहे. मोहिमेच्या भरात आम्ही भिंतीभिंतीवर “गर्भपात म्हणजे खून” असं रंगवलेलं बघितलं, आणि हे दोन कायदे लोकांच्या मनात एक होऊन बसले. त्यात ज्या डॉक्टरांना गुपचूप लिंग सांगून पैसा करायचा आहे ते काही थांबले नाहीत. थांबले ते सरळ डॉक्टर.

परळीची बाई मे महिन्यात गेली, सविता ऑक्टोबरात. एकीकडे कायद्याची बंदी होती म्हणून, एकीकडे बंदी असलेली गोष्ट पैशासाठी केली म्हणून. या दोन मरणांतून आयर्लंडनं आणि आपण काय काय शिकलो, याची तुलना केली तर आपलं पारडं हलकं पडतं. त्यांनी कायदा मोकळा केला. आपण मोकळ्या कायद्याभोवती भीतीचं कुंपण घातलं.

आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, काही भगिनी मला म्हणतील, तू सिस्टर लोकांच्या शाळेत शिकलीस आणि हे लिहितेस? त्यांना मी एवढंच विचारीन की त्या सुनेला आपल्यापैकी कोणी उचल फेडायला पैसे दिले होते का, तिची धाकटी पोर सांभाळली होती का. जिला मूल वाढवायचं आहे तिला वाढवता येईल असं करणं हेही धर्माचंच काम आहे, आणि ते कायद्याच्या बंदीपेक्षा अवघड आहे म्हणून आपण ते टाळतो. ज्या डॉक्टरला, ज्या नर्सला हे काम मनापासून करवत नाही, तिच्यावर सक्ती नको. आयर्लंडच्या कायद्यातही तशी सूट आहे, मात्र बाईला दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवायची जबाबदारी त्याच्यावरच आहे. हे मला न्यायाचं वाटतं. माझ्या स्वतःच्या घरात हा प्रसंग आला असता तर मी काय केलं असतं, ते मी इथे लिहिणार नाही. तो माझा आणि देवाचा प्रश्न आहे, आणि त्या वाडीवरच्या सुनेचा तिचा.

2021 च्या दुरुस्तीबद्दल त्या वाचकांचा बराच गैरसमज दिसतो, म्हणून सोप्या शब्दांत सांगते. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, प्रशिक्षित डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि ते ठरावीक स्त्रियांसाठीच: अत्याचार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, मानसिक आजार असलेली, गर्भात गंभीर व्यंग असलेली, आपत्तीत सापडलेली. अविवाहित स्त्रीलाही यातून वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 ला सांगितलं. चोवीस आठवड्यांपुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाईच्या जिवालाच धोका असेल तर आठवड्यांची अट नाही. गोळ्यांनी करायचा गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या देखरेखीखाली. बाई अठरा वर्षांपुढची आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असेल तर तिची एकटीची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. सासूची लागत नाही. बापाची लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. याला मोकळं रान कोण म्हणेल? आपला कायदा अजूनही हा बाईचा हक्क आहे असं म्हणत नाही, काही अटींवर डॉक्टरला परवानगी देतो एवढंच. अत्याचारातून दिवस गेलेल्या, घाबरून उशिरा सांगितलेल्या लहान पोरींचे आईबाप चोवीस आठवडे उलटल्यावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या पायऱ्या चढतात, तारीख पडेपर्यंत एकेक दिवस मोजतात. 1992 च्या त्या आयरिश मुलीचे आईबाप असेच बसले असतील.

आपल्या दैनिकाला विनंती आहे की जिल्ह्यात गर्भपाताची मान्यता असलेली केंद्रं कोणती, आणि कोणत्या सरकारी दवाखान्यांत प्रशिक्षित डॉक्टर आज खरोखर हजर आहेत, याची यादी जिल्हा शल्यचिकित्सकांकडून घेऊन छापावी. टोळ्या निघायच्या आधी छापावी, म्हणजे आशाताईंच्या हातात पडेल. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दर्शनी भिंतीवर लिंगनिदानाचा फलक असतो, त्याच्या शेजारी संमतीचे हे नियमही मराठीत लावावेत, अशी मागणी आपण लावून धरावी. पत्र फार लांबलं. जागेअभावी काटछाट करावी लागली तर आयर्लंडचं कापा, पण आठवड्यांचा आणि सहीचा परिच्छेद तेवढा पूर्ण छापा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
ता. वैजापूर, जि. छत्रपती संभाजीनगर
(नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)